काटक्यांचा हक्क : ग्रोव्हलीचे अरण्य आणि ग्रेट विशफर्ड हे गाव

इंग्लंडच्या दक्षिण भागात, विल्टशर परगण्यात, ग्रेट विशफर्ड नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील सेंट जाइल्स चर्चच्या आवारभिंतीत काही दगड बसवलेले आहेत. त्यांवर कुणा सरदाराचे नाव नाही, की बायबलमधले वचन नाही. त्यांवर पावाचे भाव कोरले आहेत. १८०० साली एका गॅलन पावाला ३ शिलिंग ४ पेन्स, १८०१ साली ३ शिलिंग १० पेन्स, आणि मग एकदम शंभर वर्षे ओलांडून १९०४ सालचे १० पेन्स. पुढेही अधूनमधून दगडांची भर पडत गेली.

शिलालेख म्हटला की मराठी वाचकाला दानपत्र आठवते, विजयाची प्रशस्ती आठवते, फार तर गधेगाळ. धान्याची महागाई दगडावर कोरून ठेवणारे गाव विरळाच. ती का कोरावीशी वाटली, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो.

गॅलन पाव म्हणजे एक गॅलन पिठाचा, सुमारे चार किलो वजनाचा पाव. १७९५ साली शेजारच्या बर्कशर परगण्यातील न्यायाधीश स्पीनहॅमलँड येथे जमले आणि त्यांनी गरिबांच्या पोटगीचे एक मान ठरवले. पाव एक शिलिंगला मिळत असेल, तर पुरुषाला आठवड्याला तीन शिलिंग मिळावेत. बायको आणि घरातले प्रत्येक माणूस यांसाठी दीड शिलिंग. नवरा-बायको आणि तीन मुले अशा कुटुंबाला याप्रमाणे आठवड्याला नऊ पावांची बेगमी लागे. १८०० सालच्या भावाने नऊ पावांचे तीस शिलिंग होतात. विल्टशरच्या शेतमजुराची मजुरी मात्र आठवड्याला आठ शिलिंगांच्या आसपास होती. १७९९ आणि १८०० ही दोन्ही वर्षे पिकांना वाईट गेली, त्यात फ्रान्सशी युद्ध चालू. त्या दगडांवरील आकड्यांमागे ही उपासमार आहे.

येथे एक शंका सहज येते. गव्हाच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाने पाव विकत का घ्यावा? पीठ आणून घरीच का भाजू नये? याचे उत्तर सरपणात आहे. डेव्हिड डेव्हीस हे बर्कशरमधील एका खेड्याचे धर्मोपदेशक. त्यांनी शेतमजुरांच्या घरखर्चाचे तपशील गोळा करून १७९५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या जमाखर्चांत पावाच्या पाठोपाठ जळणाची विवंचना येते. उत्तर इंग्लंडमधील गरिबाला कोळसा किंवा पीट हे जळण जवळ मिळे. तो लापशी शिजवी, सूप करी. दक्षिणेकडील मजुराकडे चूल पेटती ठेवण्यापुरतेही लाकूड नसे. म्हणून तो महाग असला तरी भाजलेला पाव विकत घेई आणि पुष्कळदा तो थंडच खाई. काटक्यांची एक मोळी म्हणजे नुसती ऊब नव्हे; ती असली तर घरात भाकरी भाजली जाई, नसली तर मजुरी बेकरवाल्याच्या घशात जाई.

आता नकाशा उघडावा. सॉल्झबरी शहराच्या वायव्येस सुमारे आठ किलोमीटरवर वायली नदीच्या काठी विशफर्ड वसले आहे. नावाचा अर्थ ‘विच-एल्म झाडांजवळचा उतार’ असा सांगतात. उतार म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा. वायली ही खडूच्या डोंगरांतून झिरपणाऱ्या पाण्यावर पोसलेली नदी. तिचे पाणी नितळ असून वर्षभर जवळजवळ सारख्याच थंडाव्याचे. या खोऱ्यातील गावांच्या शिवा लांब, अरुंद पट्ट्यांसारख्या आखलेल्या असत. खाली नदीकाठी पाणकुरणे, मधल्या उतारावर नांगराची शेते, आणि वर खडूच्या बोडक्या माळावर मेंढ्या. मेंढ्या दिवसा माळावर चरत आणि रात्री शेतात कोंडल्या जात. त्यांच्या लेंडीखतावर गहू-बार्लीचे पीक येई. दख्खनच्या धनगराचा कळप शेतात बसवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था उलगडून सांगण्याची गरज नाही.

या व्यवस्थेत एकच उणीव होती, झाडांची. माळावर मेंढी झाड वाढू देत नाही आणि उतारावर नांगर वाढू देत नाही. झाडे उरली ती डोंगराच्या माथ्यावर. तेथे खडूवर चिकणमाती आणि गारगोटीचा जाड थर आहे. नांगराला ती जमीन जड जाते. वायली आणि नॅडर या दोन नद्यांच्या मधल्या या माथ्यावर ग्रोव्हलीचे अरण्य पसरले आहे. रोमनांचा एक रस्ता या अरण्यातून जातो. मेंडिप टेकड्यांत शिशाच्या खाणी होत्या. त्यांच्याकडे जाणारा तो रस्ता. अरण्याच्या उत्तरेस पायथ्याशी विशफर्ड, दक्षिणेस बारफर्ड सेंट मार्टिन. दोन्ही गावांच्या चुली याच एका डोंगरमाथ्यावर अवलंबून होत्या.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा अर्थ दाट झाडी असा नव्हता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला, वेगळ्या कायद्याखालचा मुलूख म्हणजे फॉरेस्ट. मग त्यात झाडे असोत, माळ असो वा गावे. नॉर्मन विजयानंतर १०८६ साली झालेल्या डूम्सडे पाहणीत फारच थोड्या राजअरण्यांचा नावाने उल्लेख आहे आणि ग्रोव्हली त्यांपैकी एक. या कायद्याची दहशत मोठी होती. १२१७ साली दहा वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने अरण्याची सनद निघाली. राजाचे हरीण मारल्याबद्दल कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, असे तिने लिहून दिले. मॅग्ना कार्टाचा बोलबाला सगळीकडे असतो. सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत आणि डुकरांच्या चराईपर्यंत पोहोचणारी ही धाकटी सनद मात्र शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येते. ती १९७१ साली रद्द होईपर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती.

पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडले. जवळच्या विल्टन येथील जोगिणींचा श्रीमंत मठ १५३९ साली बंद झाला आणि त्याच्या जमिनी विल्यम हर्बर्ट या दरबाऱ्याकडे गेल्या. हेच घराणे पेम्ब्रोकचे अर्ल झाले. कालांतराने ग्रोव्हलीही त्यांच्याकडे आली. राजा दूर होता. हा नवा मालक शेजारच्याच वाड्यात राहणारा होता.

या पार्श्वभूमीवर १६०३ सालचा एक दस्तऐवज महत्त्वाचा ठरतो. ग्रोव्हलीच्या अरण्यात विशफर्ड आणि बारफर्ड या गावांचे कोणते पुरातन रिवाज आहेत, याची ती लेखी नोंद. तिच्यात नवे काही दिलेले नाही; जे ‘आठवणीपलीकडच्या काळापासून’ चालत आले ते केवळ उतरवून घेतले आहे. वाळलेले, मोडून पडलेले लाकूड गावकऱ्यांनी वर्षभर आणावे. ठरलेल्या सणाला हिरव्या फांद्या तोडाव्यात. गाडीभर लाकूड न्यायचे तर ती गाडी माणसांनी स्वतःच्या बळाने ओढावी. हा शेवटचा तपशील मोठा शहाणपणाचा आहे. घोडे-बैल जुंपले की व्यापार सुरू होतो. माणसाच्या खांद्याला पेलेल तेवढेच नेले, तर जंगल टिकते. हक्काची मर्यादा हक्काच्या व्याख्येतच घातलेली आहे.

त्याच नोंदीत एक विलक्षण कलम आहे. गावकऱ्यांनी व्हिट्सनच्या सणाला सॉल्झबरीच्या कॅथेड्रलपर्यंत नाचत जावे आणि तेथे ‘ग्रोव्हली, ग्रोव्हली, आणि सारी ग्रोव्हली!’ असा पुकारा करून आपला हक्क सांगावा.

जंगलाचा हक्क सांगायला चर्चमध्ये नाचत का जायचे? आजच्या वाचकाला ही गंमत वाटते आणि प्रवासवर्णने लिहिणारे तिला ‘रम्य ग्रामीण प्रथा’ म्हणून मोकळे होतात. ते अन्यायाचे आहे. इंग्रजी कायद्यात रिवाजाला कायद्याचे बळ मिळायचे, तर तो ‘आठवणीपलीकडचा’ असावा लागे आणि ही आठवणीची सीमाही ठरलेली होती. सप्टेंबर ११८९, म्हणजे पहिल्या रिचर्डचे राज्यारोहण. त्या आधीपासून हा रिवाज चालू आहे आणि तो मध्येच खंडित झालेला नाही, असे दाखवावे लागे. निरक्षर गावाने हे कसे दाखवायचे? दरवर्षी, ठरल्या दिवशी, हजारोंच्या देखत, परगण्यातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक जागी मोठ्याने सांगून. नाच म्हणजे साक्ष आणि आरोळी म्हणजे अर्ज. एखाद्या वर्षी गाव नाचले नाही, तर मालकाच्या वकिलाला नेमका तोच खंड हवा असणार.

वेळही महत्त्वाची होती. १६०७ साली, म्हणजे या नोंदीनंतर अवघ्या चार वर्षांनी, गेटवर्ड यांच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने एक दूरगामी निर्णय दिला. केवळ एखाद्या गावचे ‘रहिवासी’ आहोत, एवढ्या आधारावर कुणालाही दुसऱ्याच्या जमिनीतून काही नेण्याचा हक्क सांगता येणार नाही. रहिवासी आज आहेत, उद्या नाहीत. अशा अनिश्चित समूहाचा हक्क कायदा ओळखत नाही, असा तो तर्क. जमीन नसलेल्या गरिबाला या एका वाक्याने सामाईक जमिनीबाहेर काढले. विशफर्डच्या नोंदीत जमीनदार, खातेदार आणि कुळांबरोबरच ‘रहिवासी’ हा शब्दही आहे. दार लागण्यापूर्वी गावाने पाय आत ठेवला होता.

सणाची तारीख पुढे बदलली. १६५१ साली वुस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल येथे ओकच्या झाडात लपून वाचला. १६६० साली २९ मे रोजी, आपल्या वाढदिवशी, तो राजा म्हणून लंडनात परतला. हा दिवस ओकची डहाळी मिरवण्याचा राष्ट्रीय सण ठरला आणि १८५९ पर्यंत त्याला सरकारी मान्यता होती. त्याचे नाव ओक ॲपल डे. ओक ॲपल हे फळ नव्हे. एका बारीक माशीने अंडी घातल्यामुळे ओकच्या फांदीवर येणारी ती गोल गाठ असते. बाळगुटीतल्या मायफळाची ती जवळची नातलग. विशफर्डने आपला हिरव्या फांद्यांचा दिवस या सणात मिसळून टाकला. राजनिष्ठेची डहाळी तोडायला निघालेल्या गावकऱ्याला कोणता जमीनदार उघडपणे अडवणार? ही मसलत कुणी मुद्दाम केली असे कागद सांगत नाहीत, पण परिणाम तोच झाला.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून चित्र झपाट्याने पालटले. साधारण शंभर वर्षांत पार्लमेंटने सामाईक जमिनींना कुंपण घालणारे चार हजारांच्या आसपास कायदे केले. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमिनीचा तुकडा मिळाला. ज्याच्याकडे फक्त वहिवाट होती त्याला काहीच मिळाले नाही. १७८८ साली न्यायालयाने आणखी एक जुनी वाट बंद केली. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणे, म्हणजे आपला सरवा, हा गरिबांचा कायदेशीर हक्क नाही असा निकाल मेरी हॉटन या सफक परगण्यातील बाईविरुद्ध लागला. सरवा वेचायला जात त्या बायका आणि मुलेच. काटक्या वेचायलाही त्याच जात. पुरुषाच्या मजुरीचा आकडा इतिहासकारांना सापडतो. बायकांनी डोक्यावरून आणलेल्या मोळीची नोंद कुठल्याच वहीत नसते.

ग्रोव्हलीत ही नोंद एकदाच झाली, तीही तुरुंगाच्या वाटेने. अर्लच्या माणसांनी लाकूड वेचण्यास बंदी केली. तेव्हा १८२५ साली ग्रेस रीड नावाची स्त्री काही सोबतिणींसह जंगलात गेली आणि नेहमीप्रमाणे मोळी बांधू लागली, असे तेथील परंपरा सांगते. त्यांना पकडले, दंड ठोठावला. दंड भरायला त्यांनी नकार दिला आणि त्या तुरुंगात गेल्या. मग जुनी सनद पाहिली गेली, हक्क खरा निघाला आणि त्यांची सुटका झाली. ग्रेस रीडने भाषण केल्याचे कुठे आलेले नाही. तिने तिचे रोजचे काम केले, इतकेच. आणि त्या दिवशी तेच काम पुरावा ठरले.

आसपासच्या मुलखाच्या नशिबी इतका सोपा शेवट नव्हता. पाचच वर्षांनी, १८३० च्या नोव्हेंबरात, मळणीयंत्रांविरुद्ध मजुरांचा उठाव दक्षिण इंग्लंडभर पेटला. नॅडरच्या खोऱ्यात पिटहाउस येथे २५ नोव्हेंबरला घोडदळ मजुरांवर घातले गेले आणि जॉन हार्डिंग नावाचा मजूर ठार झाला. जानेवारीत सॉल्झबरीत खास न्यायालय बसले. त्यानंतर विल्टशरमधल्या कितीतरी तरुण पुरुषांना जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले गेले. त्यांतील बहुतेकांनी त्याआधी समुद्रही पाहिला नसेल.

१८५६ साली वायलीच्या खोऱ्यातून रेल्वे गेली आणि तिच्याबरोबर कोळसा आला. मोळीची निकड कमी होत गेली. खरे तर इथेच हा हक्क विसरला जायचा. गरज संपली की हक्क गंजतो. विशफर्डने उलट केले. १८९२ साली गावकऱ्यांनी ओक ॲपल क्लब स्थापन केला. त्याच्या निशाणावर जुन्या आरोळीच्या जोडीला ‘एकी हेच बळ’ अशा अर्थाचे शब्द आले. ही भाषा मध्ययुगाची नाही, ती कामगार संघटनांची आहे. जोसेफ आर्च यांनी १८७२ साली शेतमजुरांची संघटना उभी केली होती आणि १८८४ च्या कायद्याने खेड्यातील मजुराला मत मिळाले होते. जुना रिवाज जपणाऱ्यांना नव्या युगाची हत्यारे ठाऊक होती.

याच सुमाराचे एक साल मराठी वाचकाने लक्षात ठेवावे : १८७८. लंडनलगतच्या एपिंग अरण्यात लाउटन गावचे लोक हिवाळ्यात फांद्या छाटण्याचा हक्क सांगत. टॉमस विलिंगेल या मजुराच्या कुटुंबातील माणसे त्यापायी १८६६ साली तुरुंगात गेली. अखेर १८७८ साली पार्लमेंटने एपिंग अरण्याचा कायदा केला. जंगल जनतेसाठी राखले आणि फांद्यांचा हक्क घेतला तो भरपाई देऊन. त्या पैशातून गावासाठी उभा राहिलेला लॉपिंग हॉल आजही तेथे आहे. त्याच १८७८ साली, त्याच साम्राज्याने, भारतीय वन कायदा केला. गावांचा वापर हा हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे, ही बेडन-पॉवेल या वनाधिकाऱ्याची भूमिका त्यामागे होती. राखीव जंगलात ज्याने मुदतीत दावा सांगितला नाही, त्याचा हक्क संपला. ठाणे-कुलाब्याकडील शेतकरी भाताच्या रोपांसाठी झाडांचा टहाळ छाटून राब भाजत असे. त्याची हिरवी फांदी आता गुन्हा ठरू लागली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने गिळल्याबद्दल केलेला संताप याच काळातला, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर झाडलेल्या गोळ्या याच कायद्याच्या वंशातल्या. ग्रेस रीडची सुटका करणारा जुना कागद तिच्या गावाजवळ होता. कातकरी, ठाकर, आगरी यांच्या वहिवाटीचा कागद कुणी कधी केलाच नव्हता.

विशफर्डमध्ये आज २९ मे कसा असतो? उजाडण्यापूर्वीच तरुण मंडळी ढोल, शिंगे, थाळ्या बडवत गावभर हिंडतात आणि प्रत्येक घराला आरोळीने जागे करतात. मग अरण्यात जाऊन हिरव्या फांद्या आणतात. फांदी माणसाच्या मनगटापुढच्या हाताहून जाड नसावी असा संकेत आहे. घरांच्या दारांवर डहाळ्या लागतात. एक मोठी फांदी फितींनी सजवून चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात, त्या वर्षी तेथे लग्न करणाऱ्यांच्या भाग्यासाठी. नंतर मंडळी सॉल्झबरीला जातात. कॅथेड्रलपुढच्या हिरवळीवर चार बायका एकोणिसाव्या शतकातील मजूर स्त्रियांच्या वेषात, काटक्यांच्या मोळ्या घेऊन नाचतात. मग सर्वजण आत वेदीपाशी जातात आणि त्या उंच दगडी छताखाली तीच आरोळी घुमते.

त्या आरोळीत ‘ग्रोव्हली’ तीनदा येते, पण सगळा भर शेवटच्या ‘सारी’वर असतो. रस्त्याकडेची नव्हे, मालकाला नको असलेला कोपरा नव्हे, सारी.